प्रचंड मोठ्या डेटाबेसचा बॅकअप कसा आखतात?

व्हॉट्सॲपचा बॅकअप रात्री वायफायवर आपोआप होतो आणि सकाळी आपण तो विसरूनही जातो. पण डेटा १० टेराबाइट असेल तर? साधं गणित करू. १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात. म्हणजे १० टेराबाइटला साधारण २२ तास लागतात. परत आणायलाही निदान तेवढेच. तोवर ॲप बंद!

म्हणून मी नियोजन उलट्या टोकापासून करतो. डेटा परत कसा आणायचा हे आधी ठरवायचं, बॅकअप कसा घ्यायचा हे नंतर.

आधी दोन प्रश्न

१. किती वेळाचा डेटा गेला तर चालेल? याला आरपीओ म्हणतात.
२. किती वेळात सगळं पुन्हा सुरू व्हायला हवं? हा आरटीओ. (लायसन्सवाला आरटीओ नव्हे!)

पेमेंट ॲप आणि जुन्या फोटोंचं ॲप यांची उत्तरं वेगळी असणार, म्हणून खर्चही वेगळा.

बॅकअपचे प्रकार

- फुल: सगळ्या डेटाची प्रत. मोठ्या डेटाबेसमध्ये बहुधा आठवड्यातून एकदा.
- इन्क्रिमेंटल: मागच्या बॅकअपनंतर जे बदललं तेवढंच. रोज घेता येतो.
- लॉग: प्रत्येक बदलाची नोंद. पोस्टग्रेसमध्ये हिला वॉल, तर मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग म्हणतात. फुल बॅकअपवर हे लॉग क्रमाने चालवले की दुपारी २:१४ ला डेटा जसा होता, अगदी तसा मिळतो. मात्र मधली एक फाइल हरवली, तर त्यापुढचं काही परत येत नाही.
- स्नॅपशॉट: डिस्कचा त्या क्षणाचा 'फोटो'. झटपट होतो, पण तो त्याच स्टोरेजवर ठेवला तर स्टोरेजबरोबर तोही जातो.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नाही

दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची जिवंत प्रत असली की अनेकजण निर्धास्त होतात. पण मुख्य सर्व्हरवर चुकून टेबल उडवलं, तर काही क्षणांत ते रेप्लिकावरूनही उडतं.

गिटलॅबचा धडा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला, पण कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. रोजचा बॅकअप शोधला, तर जागा रिकामी! बॅकअपचं टूल पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्तीचं होतं, त्यामुळे ते रोज फेल होत होतं. तसं कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी सुमारे ६ तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. तोही मंद डिस्कवरून कॉपी व्हायला सुमारे १८ तास लागले. मधल्या ६ तासांतला डेटाबेसमधला डेटा कायमचा गेला.

लक्षात ठेवा

डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली १ दुसऱ्या ठिकाणी. शिवाय महिन्यातून एकदा तरी बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर खरोखर रिस्टोअर करून बघा, घड्याळ लावून. जो बॅकअप कधी रिस्टोअरच केला नाही, त्याच्या भरवशावर मी तरी झोपणार नाही.