बालीतली भातशेती मंदिरं का चालवतात? समजून घ्या 'सुबक' पद्धत

बाली म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? डोंगरउतारावरची हिरवीगार भातखाचरं, त्यावर झुलणारा झोपाळा आणि त्या झोपाळ्यावर फोटो काढणारे पर्यटक. असा एखादा रील तुमच्या फीडमध्येही येऊन गेला असेल.

पण त्या खाचरात पाणी कुठून येतं, कुणाच्या शेतात किती जायचं हे कोण ठरवतं? याचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट देवळात पोहोचतो. बालीचा धर्म, शेती आणि गावगाडा एकमेकांत कसे गुंतलेत, ते इथूनच समजतं.

सुबक म्हणजे काय?

इंडोनेशिया हा जगात सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांपैकी एक. पण त्यातल्या बाली बेटावर बहुसंख्य लोक हिंदू आहेत. त्यांचा हिंदू धर्म मात्र आपल्यापेक्षा बराच वेगळा आहे. स्थानिक देवता, पूर्वजांची पूजा आणि बौद्ध परंपरा हे सगळं त्यात मिसळलंय.

इथे एकाच पाटाचं पाणी वापरणारे शेतकरी मिळून एक संघटना करतात. तिला म्हणतात 'सुबक'. अशा सुमारे १,२०० संघटना बालीत आहेत आणि एकेका संघटनेत साधारण ५० ते ४०० शेतकरी असतात. या पद्धतीची मुळं नवव्या शतकापर्यंत जातात. सुबकचा प्रमुख असतो 'पेकासेह'. पाणीवाटप, पाटांची दुरुस्ती, नियम मोडणाऱ्याला दंड हे सगळं सदस्य बैठकीत ठरवतात.

आणि प्रत्येक सुबकचं स्वतःचं देऊळ असतं. शेताच्या कोपऱ्यातल्या छोट्या देवळीपासून बंधाऱ्याजवळच्या मंदिरापर्यंत ही साखळी वर चढत जाते. बातूर सरोवराची देवी 'देवी दानू' ही पाण्याची मालकीण मानली जाते. तिचं उलुन दानू बातूर हे मंदिर या साखळीत सगळ्यात महत्त्वाच्या स्थानी आहे. भाताची देवता वेगळी, तिचं नाव 'देवी श्री'.

देवळाचा आणि पिकाचा संबंध काय?

समजा सगळ्यांनी एकाच वेळी भात लावला, तर पाणी कमी पडणार. प्रत्येकाने आपल्या सोयीने लावला, तर पाणी पुरेल, पण कीड वाढणार. कारण एका शेतातलं पीक कापलं की कीड शेजारच्या उभ्या पिकावर जाते. तिला खायला कायम काहीतरी मिळत राहतं.

यावर बालीकरांनी मधला मार्ग काढला. शेजारशेजारचे सुबक मंदिरात एकत्र येतात आणि लावणीचं वेळापत्रक ठरवतात. एका पट्ट्यातली शेतं एकाच वेळी कापली जातात आणि एकाच वेळी रिकामी राहतात. किडीला खायला काही उरत नाही. दुसऱ्या पट्ट्याची लावणी पुढे-मागे होते, त्यामुळे पाणीही पुरतं.

आता प्रश्न असा की, वरच्या अंगाचा शेतकरी खालच्याला पाणी का देईल? तर त्यात त्याचाही फायदा असतो. पाणी नाही मिळालं तर खालचा शेतकरी वेगळ्या वेळी लावणी करेल आणि तिथली कीड वर येईल. म्हणून दोघांनाही एकमेकांना धरून राहावं लागतं.

वेळापत्रक मोडलं तेव्हा काय झालं?

१९७०च्या दशकात इंडोनेशियात हरितक्रांती आली. नवी वाणं, रासायनिक खतं आणि वर्षातून शक्य तितकी पिकं घ्या, असा सरकारचा आग्रह होता. मंदिरांचं वेळापत्रक बाजूला पडलं.

सुरुवातीला उत्पादन वाढलं. पण नंतर पाण्याचा गोंधळ सुरू झाला आणि तपकिरी तुडतुड्यांसारख्या किडींनी शेतंच्या शेतं फस्त केली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनी परिसंस्थेचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांच्यासोबत या व्यवस्थेचं कॉम्प्युटर मॉडेल तयार केलं. मंदिरांच्या पातळीवर ठरणाऱ्या वेळापत्रकातूनच चांगलं उत्पादन येतं, असं त्यातून दिसलं. पुढे शेतकरी पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळले.

शेताबाहेर गाव कसं चालतं?

शेतासाठी सुबक, तसा घरासाठी 'बंजार', म्हणजे वस्तीची संघटना. लग्न झालं की जोडपं बंजारचं सदस्य होतं. अंत्यसंस्कार, मंदिराचे उत्सव, गामेलान वाद्यवृंद, सगळ्यात प्रत्येकाला हातभार लावावा लागतो. लाकडी 'कुलकुल' वाजलं की लोक जमतात. वारंवार टाळणाऱ्यावर बहिष्कारही पडू शकतो. म्हणजे या एकोप्याला धाकाचीही बाजू आहे.

या शिस्तीचं मोठं उदाहरण म्हणजे 'न्येपी', बालीचं शक संवत्सराचं नववर्ष. आपल्या पंचांगातला शक तोच. २०२३ मध्ये तर न्येपी आणि गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चलाच आले होते. पण तिथे नववर्षाला २४ तास दिवे, काम, प्रवास, करमणूक सगळं बंद. विमानतळही बंद. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटही बंद ठेवलं जातं. पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही.

मग आता धोका कशाचा?

युनेस्कोने २०१२ मध्ये सुबकचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. जातिलुविहच्या खाचरांसह सुमारे १९,५०० हेक्टरचा भाग त्यात येतो. माणूस, निसर्ग आणि देव यांच्यातला समतोल सांगणारं 'त्रि हित करण' हे तत्त्व त्यामागे असल्याचं मानलं जातं.

पण २०२४ मध्ये ६० लाखांहून जास्त परदेशी पर्यटक बालीत आले. त्यांच्यासाठी व्हिला आणि हॉटेलं हवीत, ती भातशेतीच्या जागेवर उभी राहतात. हॉटेलांना पाणीही लागतं. तरुणांना शेतीपेक्षा पर्यटनातली नोकरी परवडते.

एक शेत विकलं गेलं की फक्त एक शेतकरी कमी होत नाही. त्या शेतातून पुढे जाणारा पाट तुटतो, दुरुस्तीला येणारे हात कमी होतात आणि उरलेल्यांवरचा भार वाढतो. पाट कोरडा पडला तर देऊळ राहील, पूजाही होईल, पण तिथे बसून ठरवायला पाणीच उरणार नाही. आणि ज्या हिरव्या खाचरांचा फोटो काढायला लोक येतात, ती खाचरंही नाहीत.