एका गिअरचं विमान

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. त्यांच्या पस मॉथच्या प्रोपेलरची पाती एकाच कोनात पक्की होती. आपल्या पुण्यातल्या बिनगिअरच्या सायकलीसारखी. वर चढताना इंजिन दमणार, खाली येताना भिरभिरणार. थ्रॉटल पायलटनेच सांभाळायचा.

महायुद्धानंतर एअर इंडियाकडे डाकोटा विमानं आली. थ्रॉटलशेजारी आरपीएम ठरवायचा वेगळा दांडा आला. आरपीएम वाढला की गव्हर्नरमधली फिरती वजनं बाहेर फेकली जात, तेलाचा दाब पात्यांचा कोन वाढवी आणि भार पडून इंजिन ठरल्या आरपीएमवर येई. एक इंजिन बंद पडलंच, तर त्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवता येत. दुसऱ्यावर उतरायची आशा राही.

आम्ही आज कोडमध्ये लिहितो तो फीडबॅक लूप तेव्हा तेलावर चालायचा.