माणिक, घड्याळ आणि एक नाकारलेला लेख

आमच्यापैकी एकाच्या वडिलांचे एच.एम.टी.चे 'जनता' घड्याळ मागल्या उन्हाळ्यात बंद पडले. ते घेऊन आम्ही दोघेही तळोद्याच्या बाजारपेठेतील घड्याळजींकडे गेलो. मागचे झाकण उघडून, डोळ्याला भिंग लावून ते काही वेळ पाहत राहिले आणि मग भिंग आमच्या हाती देत म्हणाले, "सर, ही माणकं शाबूत आहेत. धूळ बसलीय फक्त." पितळी चाकांच्या टोकांशी गुलाबी ठिपके चमकत होते. तबकडीवरचे '१७ ज्वेल्स' हे शब्द आम्ही लहानपणापासून वाचत आलो होतो, पण त्यांचा अर्थ शब्दशः घ्यायचा असतो हे आम्हांला तेव्हा प्रथम कळले.

मराठीच्या प्राध्यापकाला माणिक नवे नाही. ओठांपासून डाळिंबाच्या दाण्यांपर्यंत त्याच्या उपमा आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. परंतु माणिक लाल का असते, हा प्रश्न आमच्या वर्गात कोणी विचारला नाही आणि आम्हीही स्वतःला विचारला नाही. प्रस्तुत लेख त्या उशिरा सुचलेल्या प्रश्नातून निघाला आहे.

माणिक म्हणजे मुळात कुरुंद. धार लावण्याच्या कामी येणारा हा अतिकठीण दगड ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या संयोगाचा असतो. इंग्रजीतील 'कोरंडम' हा शब्दही तमिळमार्गे येथूनच तिकडे गेला. संस्कृतातील 'कुरुविंद' त्याचा नातलग. शुद्ध कुरुंद रंगहीन असतो. त्यात ॲल्युमिनियमच्या काही अणूंच्या जागी क्रोमियमचे अणू बसले, की ते पांढऱ्या प्रकाशातील हिरवा व जांभळा भाग गिळतात आणि तांबडा तेवढा बाहेर सोडतात. म्हणजे ज्या लालीवर एवढे काव्य झाले ती मूळ पदार्थाची नव्हेच, किंचित भेसळीची आहे! फ्रान्समधील ओग्यूस्त व्हर्नई याने १९०२ मध्ये ज्वालेच्या उष्णतेने भुकटी वितळवून कृत्रिम माणिक घडविण्याची रीत जाहीर केली आणि माणिक राजमुकुटातून उतरून मनगटी घड्याळात आले. पोलादी आस सहजासहजी झिजवू शकणार नाही असा कठीण आणि गुळगुळीत आधार घड्याळाला हवा असतो, एवढेच त्याचे तेथील काम.

हेच कारखान्यातले माणिक १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे, ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत, थिओडोर मेमन याने वापरले. महाराष्ट्र राज्य तेव्हा पंधरा दिवसांचे होते. नंदुरबार जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचे होते आणि तळोदे धुळ्याला जोडलेले होते. मेमनचे उपकरण तळहातावर मावेल एवढे होते. सुमारे दोन सेंटिमीटर लांबीची फिकट गुलाबी माणकाची कांडी, तिच्या दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा, एका टोकाच्या मुलाम्यात प्रकाश बाहेर येण्यापुरते छिद्र आणि कांडीभोवती मळसूत्राच्या आकाराचा, छायाचित्रणासाठी बाजारात मिळणारा झगझगाटी दिवा.

दिव्याचा लखलखाट झाला की क्रोमियमचे अणू ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर चढतात. तेथून किंचित उतरून ते एका मधल्या पातळीवर थांबतात, आणि खरी गंमत या थांबण्यात आहे. ऊर्जा मिळालेला अणू सहसा सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाच्या आसपास ती टाकून मोकळा होतो. माणकातील क्रोमियम मात्र सुमारे तीन सहस्रांश सेकंद रेंगाळतो. आपल्या लेखी ते काहीच नव्हे. अणूच्या लेखी मात्र तो दीर्घ मुक्काम होय. तेवढ्या अवधीत निम्म्याहून अधिक अणू वर जमले, की परिस्थिती उलटी होते: खाली थोडे, वर पुष्कळ. अशा वेळी एका अणूने आपखुशीने सोडलेला तांबडा प्रकाशकण दुसऱ्या भारलेल्या अणूजवळून गेला, तर तो दुसराही आपला कण सोडतो. हा कण त्याच दिशेने, त्याच रंगाचा आणि पहिल्याशी पाऊल जुळवून निघतो. दोहोंचे चार, चाराचे आठ. आरशांमुळे ही झुंड कांडीत मागेपुढे धावत वाढते आणि छिद्रातून ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद तांबडा झोत बाहेर पडतो. भारलेल्या अणूला दुसऱ्या कणाने असे प्रवृत्त करणे, म्हणजेच उद्दीपित उत्सर्जन, आइनस्टाइनने १९१७ मध्येच कागदावर मांडले होते. ते दृश्य प्रकाशात उतरायला त्रेचाळीस वर्षे लागली.

माणिक हे काम करणार नाही असे त्या वेळी जाणकारांचे मत होते. खालची पातळीच जेथे शेवटचा मुक्काम आहे तेथे निम्म्याहून अधिक अणू वर चढवायचे, म्हणजे विहीर उलटी भरण्यासारखेच. शिवाय माणकाने गिळलेल्या प्रकाशापैकी जेमतेम शंभरातला एक भाग तांबड्या रूपाने परत येतो, असे एका मोजणीत निघाले होते. मेमनने ती मोजणी स्वतः पुन्हा केली. त्याला शंभरात सुमारे पंचाहत्तर भाग आढळले. छापील आकडा तपासून पाहण्याची ही वृत्ती आम्हांला त्या झोताइतकीच महत्त्वाची वाटते. आमच्या क्षेत्रात एकाने चुकवलेले साल दहा प्रबंधांतून निमूट फिरत राहते.

मेमनचा लेख 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकाने नाकारला. सूक्ष्मतरंगांवर चालणारा 'मेसर' चार्ल्स टाउन्स व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये सिद्ध केला होता, त्यावर लेखांचा पूर आला होता, आणि मेमनच्या शीर्षकातही 'मेसर' हाच शब्द होता. संपादकांना तो त्याच पुरातला आणखी एक ओंडका वाटला असावा. अखेर ६ ऑगस्ट १९६० च्या 'नेचर'मध्ये जेमतेम तीनशे शब्दांचे टिपण आले. लेखकांच्या नशिबी आलेल्या नकारांच्या कथा आपण चवीने सांगतो. विज्ञानाच्या दप्तरातही त्या आहेत. नोबेलच्या बाबतीतही तेच. १९६४ चा पुरस्कार टाउन्स, बासोव व प्रोखोरोव यांना मिळाला. तो तत्त्वाच्या पायाभरणीबद्दल होता, तेव्हा अन्याय झाला असे आम्ही सरसकट म्हणणार नाही; पण ज्याच्या हातून पहिला झोत निघाला त्याचे नाव त्या यादीत नाही, ही रुखरुख राहतेच.

कर्तृत्वाचा आणखी एक तंटा शब्दावरून आहे. 'लेसर' हा आद्याक्षरी शब्द गॉर्डन गूल्ड याने नोव्हेंबर १९५७ मध्ये आपल्या वहीत लिहिला आणि ती पाने साक्षांकित करून ठेवली. टाउन्स व शॉलो यांचा पायाभूत लेख त्यानंतरचा, १९५८ चा. गूल्डला पेटंटसाठी सुमारे वीस वर्षे भांडावे लागले. संहितेचे पौर्वापर्य ठरविण्यात आयुष्य घालविणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना हा इतिहास घरचा वाटेल. टाउन्सकडील मंडळी 'ऑप्टिकल मेसर' म्हणत राहिली. टिकला तो गूल्डचा सुटसुटीत शब्द. मराठीनेही तो जसाच्या तसा घेतला, हे बरे झाले. लांबलचक प्रतिशब्द घडवून तो परिभाषाकोशात पुरण्यापेक्षा उसना पण जिवंत शब्द केव्हाही चांगला.

महाराष्ट्रात हा प्रकाश फार उशिरा आला नाही. १९६० च्या दशकाच्या मध्यासच तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला आणि तुर्भे व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्ये त्याच्या झोतावरून मानवी आवाज पाठविण्यात आला. पुढे या केंद्रात दिलीप देवीदास भवाळकर रुजू झाले. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे आडनाव ऐकून लोकसंस्कृतीच्या अभ्यासक ताराबाई आठवतील. हे भवाळकर प्रकाशाचे. जन्म १९४० चा, सागरचा. संशोधन इंग्लंडात साउदॅम्प्टनला. लेसर व कणत्वरक यांसाठी होळकरांच्या इंदुरात जे प्रगत तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले त्याचे ते संस्थापक संचालक. २००० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००५ पासून या केंद्राला राजा रामण्णांचे नाव आहे. एका महत्त्वाच्या विज्ञानसंस्थेच्या पायाभरणीचा हा वृत्तांत मराठी चरित्रवाङ्मयात ठळकपणे यायला हवा, असे आम्हांला वाटते. नटांची आणि पुढाऱ्यांची चरित्रे उदंड झाली.

घड्याळ चालू झाल्यावर आम्ही ते वर्गात नेले. आमचे बरेच विद्यार्थी अक्कलकुवा, धडगावकडचे. घरी भिली किंवा पावरी बोलणारे. मराठी हीच त्यांची दुसरी भाषा, तेथे 'उद्दीपित उत्सर्जन' म्हणजे दुसऱ्यांदा परके होणे. म्हणून आम्ही काठीच्या राजवाडी होळीचा दृष्टांत दिला: साधा दिवा म्हणजे यात्रेची गर्दी, लेसर म्हणजे ढोलाच्या तालावर एका पावलाने नाचणारा जथा. आम्ही स्वतःवर खूश होतो. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, पण तिथं ढोल असतो. तुमच्या माणकात ढोल कोण वाजवतं?"

आम्ही निरुत्तर झालो, कारण दृष्टांत खरोखरच चुकला होता. बाहेरचा दिवा अणूंना फक्त भारतो. ताल देत नाही. ताल शेजारून जाणाऱ्या कणाचा असतो. मग त्यानेच दुरुस्ती सुचविली: ढोल थांबलाय, सगळे कमरेला घुंगरू बांधून तयार उभे आहेत, आणि एक जण नाचत मधून गेला, ज्याच्या जवळून गेला तो त्याच पावलावर निघाला. "आणि आरसे?" आम्ही विचारले. तो थोडा थांबला. "रिंगण असतं ना सर," तो म्हणाला, "नाचणारा फिरून पुन्हा तिथंच येतो."