सुरीनाम : रस्ता संपतो तिथून होडीचा प्रवास

सुरीनाम हा दक्षिण अमेरिकेतला सर्वात लहान स्वतंत्र देश. आकार महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा मोठा, लोकसंख्या मात्र जेमतेम सहा लाखांच्या घरात. देशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग जंगल आणि बहुतेक वस्ती किनाऱ्यालगत. त्यामुळे नकाशा बघून सहल आखणारा हमखास फसतो. किनाऱ्याने पूर्व-पश्चिम पक्का रस्ता आहे, पण दक्षिणेकडे थोडं गेलं की रस्ताच संपतो.

२५ नोव्हेंबर १९७५ पर्यंत इथे डचांचं राज्य होतं. सरकारी भाषा आजही डच; बाजारात मात्र 'स्रानान टोंगो' चालते. भारतीय वंशाच्या घरांत सरनामी बोलतात. भोजपुरी-अवधीच्या वळणाची ही बोली हिंदी येणाऱ्याला बऱ्यापैकी कळते. १८६३ मध्ये गुलामगिरी रद्द झाली, पुढची दहा वर्षं मुक्त झालेल्यांना मळ्यांवर राबावंच लागलं. ती मुदत संपली त्याच वर्षी, ५ जून १८७३ रोजी, 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन आलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार भारतीय करारावर आणले गेले. पाठोपाठ जावा बेटावरचे मजूरही आले. म्हणूनच पारामारिबोत रोटी-चिकन आणि जावाचं सोतो सूप दोन्ही मिळतं. फगवा म्हणजे आपली होळी, ईद आणि दिवाळीला देशभर सुट्टी असते.

राजधानीतली डच काळातली लाकडी घरं २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. कैझरस्ट्राट रस्त्यावर यहुद्यांचं प्रार्थनास्थळ आणि मशीद शेजारी-शेजारी आहेत. फोटो सगळेच काढतात. पण दोन दिवस शहरात फिरून परत येणाऱ्याने अर्धाच देश पाहिला म्हणायचं.

दक्षिणेकडे रस्ता अटजोनी इथे संपतो. पुढे सुरीनाम नदीतून 'कोर्याल' ही लांबट, इंजिन लावलेली होडी. सारामाका लोकांची गावं याच नदीकाठी आहेत. मळ्यांवरून पळालेल्या गुलामांचे हे वंशज. त्यांच्या पूर्वजांनी १७६२ मध्ये डचांना तह करायला लावला. १९६० च्या दशकात अफोबाका धरण झालं, ब्रोकोपोंडो जलाशयात त्यांची अनेक गावं बुडाली. अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला वीज हवी होती म्हणून. वाळलेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्यातून वर दिसतात. जमिनीच्या हक्काचा निकाल २००७ मध्ये आंतर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयात सारामाकांच्या बाजूने लागला, तरी अंमलबजावणी रेंगाळली. तेव्हा गावात शिरताना किंवा फोटो काढताना आधी विचारावं. ही जागा त्यांची आहे.

ऑगस्ट ते नोव्हेंबर हा मोठा कोरडा हंगाम. फिरायला बरा, पण नदीचं पाणी उतरलं की खडकाळ जागी होडीतून उतरावं लागतं. चलन सुरीनामी डॉलर. अलीकडच्या काळात त्याची किंमत बरीच घसरली आहे, म्हणून एकदम जास्त बदलून घेऊ नयेत. आतल्या भागात मात्र रोख पैसे जवळ हवेतच. अंतर्भागात पूर्वी मलेरियाचीही काळजी घ्यावी लागत असे.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे पीतज्वराची लस. ती भारतात ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो. दाखल्याशिवाय सुरीनामहून भारतात परतणाऱ्याला विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. तिकीट काढण्याआधी लसीची तारीख मिळवलेली बरी.