सोंग आणि सोबत

बालाघाटात बसून ऑनलाइन भूमिका-खेळांच्या अभ्यासावर पुस्तक लिहितो आहे असे सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला: आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. दिवाळी सरली की इथे आणि वैनगंगेच्या खालच्या अंगाला गोंदिया-भंडाऱ्यात मंडईची जत्रा भरते. झाडीपट्टीच्या गावांत दंडार हे लोकनाट्य रात्रभर चालते. दिवसा धानाच्या बांध्यांत राबणारा गडी रात्री लुगडे नेसून उभा राहतो आणि पहाटेपर्यंत सगळे गाव त्याला बाईच मानते. सोंगात रंगणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांनी या विषयाला बिचकायचे कारण नाही.

विषय तसा तरुण. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' हा खेळ लिहायला घेतला. रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. चित्र एकही नाही, सारे जग शब्दांत. याच बार्टलने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: कोणी पातळ्या चढायला येतो, कोणी कानेकोपरे धुंडाळायला, कोणी गप्पांना, तर कोणी दुसऱ्याला छळायला. विभागणी ढोबळ आहे, पण तिला वळसा घालून अजून कोणाला पुढे जाता आलेले नाही.

२००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ आला. त्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना चाळीस जण लागत. टँक राक्षसाचा मार अंगावर ओढून घेणार, हीलर त्याच्या घटत्या आयुष्यरेषेवर डोळा ठेवून मंत्र टाकत राहणार, बाकीचे वार करणार. ऐन वेळी हीलर चहाला उठला की चाळीसही आडवे. शिवाय हे जग मध्येच थांबवून ठेवता येत नाही. 'जेवायला ये'ला 'दोन मिनिटं' हे उत्तर येते, त्याचे अर्धे कारण हेच. कधी हाती लागेल, कधी नाही अशा बक्षिसांची ओढ अभ्यासक सांगतात, ती खोटी नाही. पण माझ्या मते खरी पकड वेगळी आहे: कोणाचे तरी आपल्यावाचून अडते आहे.

हाच खेळ खेळणारा नॉर्वेचा मॅट्स स्टीन स्नायूंच्या आजाराने चाकाच्या खुर्चीला खिळलेला. २०१४ मध्ये तो पंचविसाव्या वर्षी गेला, तेव्हा मुलगा एकटाच होता असे आईवडील समजून होते. मग खेळातल्या सोबत्यांची देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. त्याच्या गिल्डमधले, म्हणजे खेळातल्या टोळीतले, काही जण अंत्यविधीलाही आले.

व्यसनाचा प्रश्न मी टाळलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्याची कसोटी तासांची नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे, हे साधारण वर्षभर चाललेले असावे लागते. परीक्षेच्या तोंडावर चिडलेल्या पालकांनी पुस्तकातले व्यसनावरचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल.

बाकीच्यांनी आधी घरातल्या खेळणाऱ्या पोराशेजारी तासभर बसावे आणि मग पान उलटावे. मोहीम चालू असताना मात्र त्याला काही विचारू नये.