ठासणीची बंदूक आणि दिल्लीचे मैदान

आज ज्याला राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हणतात, त्या दिल्लीभोवतालच्या पट्ट्यात पानिपत, नोएडा आणि मेरठ ही तिन्ही ठिकाणे येतात, आणि उत्तर भारतातील बंदुकीच्या इतिहासाची मोठी वळणे याच पट्ट्यात घडली. 1526 ते 1857 या काळात येथे चाललेल्या बंदुका मुख्यतः ठासणीच्या होत्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून ती लोखंडी किंवा लाकडी गजाने ठासावी लागे. बदलत गेली ती दारू पेटवण्याची तऱ्हा आणि अखेरीस नळीची आतली बाजू.

21 एप्रिल 1526 रोजी पानिपतावर इब्राहिम लोदीविरुद्ध बाबराने वापरली ती तोड्याची बंदूक होती. तोडा किंवा जामगी म्हणजे सावकाश धुमसणारी सुती दोरी. चाप ओढला की तिचे जळते टोक नळीच्या कानाशी ठेवलेल्या बारीक दारूवर, म्हणजे रंजकीवर, टेकत असे आणि तेथून आग आत जाऊन बार उडत असे. पावसात जामगी विझे, वाऱ्यात रंजक उडून जाई, आणि पुन्हा बार भरेपर्यंत बंदूकधारी जवळजवळ निःशस्त्र असे, कारण तेवढ्या वेळात घोडेस्वार त्याच्या अंगावर येऊ शकत असे. बाबराने आपल्या आठवणींत नोंदवले आहे, की सुमारे 700 गाडे कच्च्या चामड्याच्या दोरांनी एकमेकांस बांधून, दोन गाड्यांच्या मध्ये पाच-सहा आडोसे उभारून त्यांच्यामागे बंदूकधारी ठेवले होते. ही रचना रूमी, म्हणजे उस्मानी तुर्कांच्या पद्धतीची असून उस्ताद अली कुली हा तिचा जाणकार होता. त्या दिवसाचे श्रेय बंदुकीला देण्याची प्रथा आहे, परंतु बार भरण्यासाठी लागणारी उसंत त्या गाड्यांनीच मिळवून दिली, हे लक्षात घेतल्यास ते श्रेय निदान वाटून द्यावे लागते.

पुढे अकबराच्या कारखान्यांत नळीच सुधारली. पूर्वी पत्र्याच्या कडा नुसत्या जोडलेल्या नळ्या फुटून चालवणाऱ्याचाच जीव घेत. त्याऐवजी लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळून, वेढ्यावर वेढा चढवून भट्टीत सांधण्याची रीत ‘आईन-इ-अकबरी’त वर्णिली आहे.

14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर समोरासमोर आलेल्या मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्या सैन्यांची बंदुकीविषयीची समजच निराळी होती. मराठी लेखनात मराठ्यांकडील इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा गाजावाजा अधिक झाला. त्याच्या पायदळाच्या बंदुकांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली घडलेल्या या सरदाराचे गारदी चकमकीची बंदूक वापरत, जिच्यात जामगीच्या जागी गारगोटीचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पडे. जळती दोरी नसल्यामुळे शिपाई एकमेकांना खेटून उभे राहू शकत, आणि नळीच्या टोकाला संगीन बसवली की तीच बंदूक भाल्याचेही काम करी. अशा पायदळाचे बळ त्याच्या रांगेत असते, म्हणून त्याच्याभोवतीच्या घोडदळाने आपली जागा न सोडणे हे त्याच्या बंदुकीइतकेच महत्त्वाचे ठरते. गारद्यांनी अब्दालीकडील रोहिल्यांची फळी मोडत आणली, पण घोडदळाशी त्यांचा मेळ टिकला नाही. अब्दालीकडे होती ती जंबूरके, म्हणजे उंटाच्या खोगिरावर फिरत्या खुंटीत बसवलेल्या लहान तोफा. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. मराठ्यांच्या जड तोफा एकदा मांडल्या की सहजी हलत नसत, उलट उंट हवे तेथे नेता येई, आणि दुपारनंतर ताज्या दमाच्या तुकड्यांबरोबर ही जंबूरके मराठ्यांच्या मध्यभागावर चालून आली. विश्वासराव गोळी लागून पडले, इब्राहिमखान जखमी अवस्थेत पकडला जाऊन मारला गेला. अर्थात, ज्या सैन्याची रसद तोडली गेली होती आणि जे उपासमारीला कंटाळून छावणीबाहेर पडले होते, त्याच्या पराभवाचे सारे खापर उंटांवर फोडता येत नाही.

या पराभवातून महादजी शिंद्यांनी घेतलेला धडा म्हणजे युरोपीय सेनानी द बॉयनच्या हाताखालचे कंपू, म्हणजे युरोपीय कवायतीच्या पलटणी, आणि त्यांना शस्त्रे पुरवणारा आग्र्याचा कारखाना. तेथे सँग्स्टर नावाचा स्कॉटिश कारागीर तोफा ओती आणि बंदुका घडवी. 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेच्या पूर्वतीरी पटपडगंजापाशी दौलतराव शिंद्यांचे हे सैन्य लुई बुर्क्वँच्या नेतृत्वाखाली इंग्रजांच्या जनरल लेकसमोर उभे राहिले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बंदुका जवळजवळ सारख्याच होत्या. फरक होता तो अंमलदारांत: सरसेनापती पेराँ आधीच इंग्रजांना शरण गेला होता. लेकने माघारीचा देखावा करून शिंद्यांच्या पायदळाला भक्कम जागेवरून बाहेर ओढले आणि मग उलटून हल्ला चढवला. या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे.

1857 साली, उठावाच्या वर्षी, प्रश्न नळीच्या आतून आला. नव्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत पीळदार खाचा होत्या. गोळी सहज आत सरके, पण बार उडताच तिचा पोकळ तळ फुगून खाचांत घट्ट बसे आणि ती गरगरत दूरवर नेमकी जाई. तिचे कागदी काडतूस चरबीने माखलेले असे आणि दारू ओतण्यासाठी ते दातांनी फाडावे लागे. ही चरबी गाईची आणि डुकराची असल्याचा बोलवा जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमहून पसरला. 24 एप्रिल रोजी मेरठला तिसऱ्या हलक्या घोडदळाच्या 90 स्वारांपुढे काडतुसे धरली गेली ती प्रत्यक्षात जुन्याच प्रकारची होती, आणि ती दाताऐवजी हाताने फाडण्याची नवी कवायत दाखवणे हा त्या दिवसाचा हेतू होता. तरीही 85 जणांनी नकार दिला. 9 मे रोजी भर कवायतीत त्यांना बेड्या ठोकल्या गेल्या, 10 मे रोजी छावणीने उठाव केला आणि 11 मे रोजी सकाळी स्वार यमुनेवरील नावांच्या पुलावरून दिल्लीत शिरले. तेथील ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रागाराचा बराच भाग लेफ्टनंट विलोबी आणि त्याच्या साथीदारांनी त्याच दिवशी उडवून दिला. त्याचे दरवाजे काश्मिरी गेटजवळच्या रस्त्याच्या मधोमध अजून उभे आहेत. पुढे इंग्रजांनी दिल्लीला घातलेल्या वेढ्याच्या महिन्यांत शहराबाहेरच्या टेकडीवरील काही गोऱ्या पलटणींकडे एनफिल्ड होती, तर शहरातील शिपाई मुख्यतः जुन्या गुळगुळीत नळीच्याच बंदुकांनी लढत होते.

उठाव मोडल्यानंतर हिंदी पलटणींसाठी जी नवी बंदूक विलायतेहून आली, ती बाहेरून एनफिल्डसारखीच दिसे. तिच्या नळीत खाचा मात्र ठेवलेल्या नव्हत्या.