अंगणातला गड

महाराष्ट्रात किल्ले दोन जातींचे आहेत. एक सह्याद्रीच्या माथ्यावरचे, आणि दुसरे सहामाही परीक्षा संपली की अंगणात उभे राहणारे. पहिल्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. दुसऱ्यांचे अवशेष मागे राहत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याला कोणी इतिहासकार आला नाही. मी ज्या गडांवर किल्लेदारी केली ते सगळे या दुसऱ्या जातीचे. तेव्हा त्यांची थोडी हकीकत सांगायला हरकत नसावी.

आमचा वाडा साताऱ्याचा. मान वर केली की अजिंक्यतारा दिसे. पण डोक्यावर खराखुरा किल्ला असताना तो कधी आम्ही अंगणात केला नाही. आम्हांला हवा असे रायगड, नाहीतर प्रतापगड. घरच्या देवापेक्षा लांबच्या तीर्थाची ओढ जास्त, त्यातलाच हा प्रकार.

शेवटचा पेपर टाकून आलो की दप्तर कोनाड्यात जाई आणि घमेले बाहेर येई. फुटक्या विटा, दगड, वर चिखलात बुडवलेले गोणपाट, त्यावर लाल मातीचा हात. माती चाळायला आईची पिठाची चाळणी पळवावी लागे, आणि तिच्यावरून जो संग्राम होई त्यात आम्ही दरवर्षी तहावर येत असू. हळिवाचे खाते ताईकडे. हळीव वसुबारसेच्या आधी चार दिवस पेरले नाहीत, तर लक्ष्मीपूजनाला डोंगर बोडकाच राहतो. हे गणित तिला बरोबर जमे. कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. मावळा दरवाज्यापेक्षा उंच, वाघ तोफेच्या तिप्पट, आणि पायथ्याच्या रस्त्यावर लाल एस.टी. गाडी. महाराज सिंहासनावर बसलेले, आणि त्यांच्या डोक्यावर कोणाच्या तरी मुंबईच्या मामाने दिलेले पत्र्याचे विमान दोऱ्याने टांगलेले! यात कोणालाही काही वावगे वाटत नसे. कुंभाराकडे गवळण हमखास मिळे, आणि ताईचा हट्ट असे की ती हिरकणीच. त्यामुळे आमच्या प्रतापगडालाही एक हिरकणीचा बुरूज होता. मुली भातुकली मांडतात नि मुलगे किल्ले करतात, असे सरसकट लिहिणाऱ्यांनी आमचे अंगण पाहिलेले नाही.

पुढे कॉलेजात 'आज्ञापत्र' वाचायला मिळाले. रामचंद्रपंत अमात्यांचा हा ग्रंथ इ. स. १७१६ च्या सुमाराचा. शिवछत्रपतींच्या वेळेपासून राज्यकारभार पाहिलेल्या माणसाने उतारवयात तो सिद्ध केला. त्यातले दुर्गांचे प्रकरण वाचू लागलो आणि मला हसू आवरेना. पंत सांगतात, किल्ला बांधण्याआधी पाणी पाहा. नसेल तर खडक फोडून टाकी करा, आणि एकाच झऱ्यावर विसंबू नका. आम्हीही आधी तळ्याची जागा ठरवत असू, कारण फुटका आरसा एकदा मातीत बसवला की मग हलवता येत नसे. पंत म्हणतात, दरवाजा खालून थेट दिसू नये, पुढे बुरूज घालून तो आड करावा. आणि एकाच दरवाज्यावर गड ठेवू नये, चोरदिंडी असावी. आमची चोरदिंडी म्हणजे मागच्या बाजूने हात घालून पणती ठेवायचे भोक. कारणे निराळी, पण बांधणी तीच.

पण ज्या एका वाक्याशी मी फार वेळ थांबलो ते दुसरेच. गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असे पंत बजावतात. असलाच तर तो सुरुंगाने फोडून कमी करावा, ते न साधले तर तोही बांधून ताब्यात ठेवावा. आमचा गड कुंपणाच्या भिंतीला लागून असे, आणि शेजारची पोरे त्या भिंतीवर बसून खडे मारत. एका वर्षी त्यांनी आमचा टकमक टोकाचा कडा असाच उतरवला. मोठी माणसे हसली. त्या हसण्याचा राग मला कित्येक दिवस होता.

हा राग पुढे एका पुस्तकात भेटला. कुलाबा जिल्ह्याचे १८८३ चे जुने गॅझेटिअर आहे. त्यात रायगडाच्या शेवटच्या वेढ्याची हकीकत आहे. १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने रायगडाला वेढा दिला. गडावर दुसऱ्या बाजीरावांची पत्नी वाराणसीबाई होती. इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवल्या. एका गोळ्याने आग लागली आणि वाडे जळाले. १० मेला गड खाली झाला. ज्या गडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला, तो गड पंतांनी शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या वाटेनेच गेला. तोफेचा पल्ला वाढला होता हे खरे. पण इशारा तोच. वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढे पोटल्याचा डोंगर आला नाही. आमची कुंपणाची भिंत आली.

आणखी एक गोष्ट आहे. तुळशीचे लग्न लागले की अंगणातला गड पाडायचा, आणि पाडायचा म्हणजे फावड्याने नव्हे. राखून ठेवलेले सुतळी बाँब बुरजांखाली पुरायचे, वात लावायची नि पळायचे. मावळे तेवढे आधी काढून टोपलीत भरायचे. तीन आठवडे ज्या गडासाठी शेजाऱ्यांशी अबोला धरला, तो आम्हीच आनंदाने उडवीत असू. १८१८ नंतर इंग्रजांनी नेमके हेच केले. पुन्हा कोणी आसरा घेऊ नये म्हणून कितीतरी गडांच्या पायऱ्या, तट, बुरूज त्यांनी सुरुंग लावून उडवले. वर्षभर आम्ही मावळे असू आणि त्या एका संध्याकाळी इंग्रज होत असू. पुढल्या वर्षी नवा गड बांधता यावा म्हणून जुना पाडणे भाग होते, हा आमचा हिशेब. इंग्रजांचा हिशेब अर्थात उलटा होता.

खरे गड मग बराच काळ तसेच पडून होते. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांनी रायगडावर शिवाजी-उत्सव केला, तेव्हा लोकांची पावले पुन्हा तिकडे वळू लागली. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. फार चांगले झाले. अंगणातला किल्ला मात्र आता सोसायटीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात येऊन बसला आहे, आणि रस्त्याच्या कडेला तयार, रंगवलेलेही विकत मिळतात. तयार किल्ल्यावर माझा रोष आहे. त्यात चाळणी पळवावी लागत नाही. पण सोसायटीत एक मौज पाहिली. पोरे चिखलाला हात लावून पाहतात न पाहतात, तोच ऑफिसातून आलेले बाप बूट न काढता खाली बसतात आणि म्हणतात, "अरे, बुरूज असा नसतो, सरक जरा." थोड्या वेळाने पोरे उभी असतात नि बाप चिखलात. आमचे वडीलही असेच कोट घालून बसत. त्या वेळी मला त्यांचा त्रास वाटे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही काही समवयस्क रायगडावर गेलो होतो. रोपवेने गेलो, हे लपवण्यात अर्थ नाही. कोणी नगारखाना पाहत होते, कोणी बाजारपेठ. मी पोटल्याचा डोंगर कुठला ते विचारून घेतले. आमच्यातले एक आजोबा गंगासागर तलावाच्या काठी काही न बोलता उभे होते. पाणी हलत नव्हते, वरचे मनोरे त्यात उलटे उतरले होते. मी जवळ गेलो तेव्हा ते म्हणाले, "आमचा आरसा याहून मोठा होता."